इंटरवलनंतरचं यास्मीनने सांगायचं

अमरावती,
१३ जानेवारी २०२५

यास्मीन,

पूर्वार्ध पाहून आले. आचल मागून ओरडते आहे की आई, आधी जेव. तिला म्हटलं, "आधी यास्मीनले लिवू दे. मी काही विसरली म्हंजे तिचा उत्तरार्ध तिकडे लंगडा पडन." पोरगी कपाळावर हात मारून स्वयंपाकघरात गेली.

नियम मी नियमासारखा पाळला. इंटरवलचे दिवे लागले तशी उठले. शेजारची बाई पाय आखडून म्हणाली, "काकू, पॉपकॉर्न आता जागेवरच आणून देतात." म्हटलं, मला पॉपकॉर्न नको, मी घरी चालले. ती घाबरली, बरं वाटत नाही का विचारत माझ्यामागे बाहेर आली. मग तिला सगळं सांगावंच लागलं. डी.एड.च्या हॉस्टेलात आम्हा दोघींकडे मिळून एकाच तिकिटाचे पैसे असायचे. इंटरवलला बाहेर पडताना पुन्हा आत जायचा पास मिळायचा, तो मी पानठेल्याशी उभ्या असलेल्या मैत्रिणीच्या हातात द्यायची आणि पुढचा सिनेमा ती पाहायची. रात्री पंगतीत बसून मी सुरुवात सांगायची, तिने शेवट सांगायचा. चाळीस वर्षं झाली, ती अकोल्यात आहे, मी अमरावतीत आहे, वाटणी तीच आहे. आणि दारावर त्याच्या मामाच्या बदली उभा राहणारा एक काडीपैलवान होता, त्याने तिसऱ्याच शनिवारी तिला अडवलं होतं, "इंटरवलमंदी एकदम चष्मा लागला काय बाई?" त्या काडीपैलवानाशीच तिने पुढे निकाह केला, हेही सांगितलं. बाई इतकी हसली की तिचा इंटरवल तिथेच संपला.

आता सिनेमा ऐक. चिखलदऱ्यात काढलेला आहे म्हणून अख्खी अमरावती लोटली आहे. बायका गर्दीच्या दृश्यात आपला मामेभाऊ शोधत बसतात. एक लॉजमालक आहे, मागे कॉफीची बाग. धुक्यात त्याची जीप दरीत जाते. प्रेत सापडतं, पण चेहरा ओळखू येण्यासारखा राहिलेला नाही. बायको प्रेत ओळखते आणि रडायला हवं त्याच्यापेक्षा कमी रडते. धाकट्या भावाच्या तळहाताला ताजी जखम. लॉजचा आचारी त्याच दिवसापासून बेपत्ता. तपासाला एक फौजदारीण येते, फार करारी, डोळ्यांनीच विचारते. माझं कानातलं यंत्र थिएटरात कुई करतं, म्हणून मी खाली इंग्रजी अक्षरं वाचून भागवते, तेव्हा बोलणं थोडं इकडंतिकडं समज. इंटरवलला बायको नवऱ्याच्या कुलूप घातलेल्या खोलीत शिरते, तर टेबलावर कॉफीचा कप. वाफ निघते आहे.

माझा संशय भावावर. पैज लावून सांगते.

आता दुसरं. आचलची नांदगाव पेठेतली गिरणी तिला सुरतला पाठवते आहे. मार्च संपला की बिऱ्हाड हलणार आणि मीही तिच्यासोबत. फोनवर तुझा आवाज मला विहिरीतून आल्यासारखा येतो, त्यामुळे तो उपाय आपल्यासाठी नाही. अकोला एसटीने जेमतेम अडीच तास, आणि गेल्या दीड वर्षात मी चारदा येते म्हटलं. एकदा तुझ्याकडे पाहुणे, एकदा भिंतींना रंग, एकदा तुला सर्दी. चौथ्यांदा तर तू उत्तरच दिलं नाहीस, नुसता शेवट सांगितलास. सुरतेहून कोण येतं गं? या वेळी सरळ सांग, येऊ की नको?

तुझ्या काडीपैलवानाला, म्हणजे साजिदभाईंना, सलाम. त्यांचं या सिनेमावर काय म्हणणं आहे ते लिहायला विसरू नको. तेवढ्यासाठी मी पोस्टमनकडे डोळे लावून असते.

तुझी,
माया


अकोला,
२० जानेवारी २०२५

माया,

पैज हरलीस. भाऊ गरीब बिचारा निघाला. आचाऱ्याच्या विळीने हात कापला होता त्याचा.

काल दुपारच्या खेळाला आम्ही दोघं गेलो होतो. नेहमीसारखे इंटरवलनंतर शिरलो. साजिद दारावरच्या मुलाला म्हणाले, "बाप्पा, तिकीट पुरं घेतलं, शिनेमा अर्धा पायतो. राहिलेला तू पाय."

शेवट असा. लॉजमालक मेलेलाच नसतो. त्या दिवशी एक चोर त्याच्या डोक्यात मारून जीप घेऊन पळालेला असतो, आणि धुक्यात दरीत जातो तो चोर. मालक जंगलात पडलेला एका कोरकू म्हातारीला सापडतो. ती त्याला घरी नेते. महिनोन् महिने तो नुसता पडून. डोळे उघडे, पण आपण कोण ते आठवत नाही, तोंडातून शब्द नाही. म्हातारी रोज त्याच्याशी बोलते, तो ऐकतो की नाही ते तिलाही कळत नाही. मग हळूहळू एक एक गोष्ट परत येते. वाफाळलेला कप भावाने ठेवलेला असतो; वहिनी रोज त्या वेळी खोलीशी येऊन उभी राहते हे त्याला माहीत असतं, म्हणून, तिच्या समाधानासाठी. आणि शेवटी एका सकाळी मालक लॉजच्या पायऱ्या चढून येतो, आपल्या खुर्चीवर बसतो, कॉफीचा घोट घेतो आणि बायकोला म्हणतो, "साखर कमी पडली."

बस. तिथेच संपतो. खून नाही, खुनी नाही. थिएटरात कोणी शिट्टी मारली, कोणी नाक ओढलं.

साजिदना फार आवडला. बाहेर आल्यावर म्हणाले, "मायाताईले लिव, ह्या डायरेक्टरनं बायकोची कदर केली. नाहीतर दर शिनेमात बायकोच कातिल. घरी आल्यावर आमाले चहा प्याची भीती वाटते." आणि तुझ्या पैजेवर म्हणाले, "मास्तरीनबाईचा संशय म्हंजे वर्गातल्या मागच्या बाकावर. तिथं काही नसलं तरी छडी तिथंच."

आचलची बदली ऐकून मन कसंसंच झालं. सुरत. तिथे तुला ओल्या तुरीच्या सोल्यांचा आपला भात मिळणार नाही, आमच्यासारखी भाकर मिळणार नाही. लवकर जाऊन ये, घर पाहून घे. इकडे सध्या नळाचं काम काढलं आहे, अंगणभर खड्डे आहेत. संपलं की कळवते.

यास्मीन


अमरावती,
२५ जानेवारी २०२५

यास्मीन,

चहाची भीती वाचून मी भर दुपारी एकटी हसले. आचल खोलीतून आली, काय झालं विचारायला. तिला वाचून दाखवलं, तीही हसली. खुशालराव गेल्यापासून या घरात मोठ्याने हसणं फार कमी झालं आहे, आणि जे होतं ते बहुतेक साजिदभाईंच्या खात्यावरचं. खुशालरावांच्या तेराव्याला आठवतं ना? सगळे माना खाली घालून बसलेले, आणि तुझे साजिद माझ्या सासऱ्यांच्या शेजारी बसून त्यांना खुशालरावांनी उसनी नेलेली चप्पल कशी परत केलीच नाही ते सांगत होते. सासरे रडता रडता हसले होते. तीन वर्षं झाली त्याला. त्यानंतर मी तुम्हा दोघांना पाहिलेलंच नाही.

पण शेवट मला पटला नाही. राग मानू नको, डायरेक्टरवर आहे माझा राग.

एक गोष्ट मी पूर्वार्ध लिहिताना विसरले होते. बायको प्रेत ओळखते ते डाव्या पायाच्या सहाव्या बोटावरून. कॅमेरा चांगला वेळ त्या बोटावर थांबतो, नंतर लग्नाच्या फोटोतही तो पाय दाखवतात. आता मला सांग, चोरालाही सहा बोटं होती का? बरं, ते सोड. महिनोन् महिने माणूस कोरकूंच्या गावात पडलेला, तर मेळघाटात आशा वर्कर नाही, अंगणवाडी नाही? तिथे नवी कोंबडी आली तरी तिचा सर्व्हे होतो. मी तिकडच्या शाळेत नोकरी केली आहे, मला माहीत आहे.

आणि खरं सांगू, चीड या गोष्टींची नाही. पूर्वार्धात त्या बाईने प्रेताच्या पायांना हात लावला होता. तिने लावला तसाच मीही लावला आहे. तो गारवा ज्याच्या हाताला लागला त्याला कोणी डायरेक्टर फसवू शकत नाही. गेलेला माणूस परत येऊन साखर मागत नाही, यास्मीन. मागितली असती तर मी पोतंभर आणून ठेवली असती.

साजिदभाईंना म्हणावं, बायकोची कदर वगैरे ठीक, पण बोटांचा हिशेब द्या.

नळाचं काम किती दिवस चालणार? खड्ड्यातून चालता येतं मला. तू नुसता वार सांग.

माया


अकोला,
३० जानेवारी २०२५

माया,

बोटाचा खुलासा सिनेमात आहे. मी लिहायला विसरले. चोर म्हणजे मालकाचा चुलत भाऊच असतो, घराण्यातच सहा बोटं असतात. साजिद म्हणतात, "सहावं बोट म्हंजे काय सरकारी शिक्का आये? आमच्या मोहल्ल्यात हाक मारली तर चार जन पाय वर करतीन. आन् मायाताईले म्हनाव, अर्धा शिनेमा पाहनाऱ्यानं पुऱ्या शिनेमाची फिर्याद करू नये."

मीही तेच म्हणते. शेवट मी पाहिला आहे, तू नाही. तुला न पटायला काय जातं? तू तुझ्या घरातलं सांगितलंस, मान्य, खुशालराव गेले त्याचं मलाही दुःख आहे. पण तो माणूस मेलेला नव्हता. पडून होता. पडून असलेला माणूस उठू शकतो. एखाद्या सकाळी नुसता एक शब्द बोलू शकतो. असं जगात कुठेतरी होत असेल ना? डॉक्टरसुद्धा कधी नाही म्हणून सांगत नाहीत. मग एका मास्तरणीने काहून सांगावं?

फेब्रुवारीत नको येऊस. उज्मा हैदराबादहून माहेरपणाला येणार आहे मुलांना घेऊन, घर भरलेलं असेल.

यास्मीन


अमरावती,
४ फेब्रुवारी २०२५

यास्मीन,

मी नियम मोडला.

तुझं पत्र वाचून मला रुखरुख लागली, की चाळीस वर्षांत कधी नाही ते तू माझ्यावर चिडलीस आणि तेही एका सिनेमाच्या शेवटापायी. म्हटलं, आपणच काही चुकीचं पाहिलं असेल, जाऊन खात्री करावी. एकच खेळ उरला होता. मुद्दाम उशिरा गेले. दारावरचा मुलगा म्हणाला, "बाई, पिक्चर अर्धा होऊन गेला." म्हटलं, "मले अर्धाच पाह्याचा आये."

तो मेलेला आहे, यास्मीन. पूर्ण मेलेला. कोरकू म्हातारी नाही, चुलत भाऊ नाही, साखरेचा स सुद्धा नाही. त्याला ढकलणारी ती फौजदारीण असते. तू जे लिहिलंस त्यातली एक चौकट त्या पडद्यावर नव्हती.

घरी आल्यावर मी पंख्याखाली नुसती बसून राहिले. आधी वाटलं, तू दुसराच सिनेमा पाहिलास. मग वाटलं, चिखलदऱ्याचे दोन सिनेमे एका महिन्यात कशाला निघतील. तू गेलीच नव्हतीस. घरी बसून काहीतरी रचलंस आणि पाठवून दिलंस, आणि मी बोट विचारलं तेव्हा वरून ठिगळ लावलंस.

तू जायला हवं होतंस असं माझं म्हणणं नाही. कंटाळा आला असेल, वेळ नसेल, वय झालं. मला लिहायचं, माया, आता पुरे हा पोरखेळ. मी समजून घेतलं असतं. पण साजिदभाईंच्या तोंडी वाक्यं घालून लिहायचं? की त्यांनीही साथ दिली? दोघांनी मिळून मला बनवलं? अमरावतीची बहिरी मास्तरीण, तिला काय कळतं, असं म्हणत हसलात का?

घराला रंग, नळ, उज्मा. आता मला सगळं उमगलं. तुला मी नको आहे, एवढंच ते होतं. मी उगाच येते येते करत राहिले. आता विचारणार नाही. सुरतचा पत्ता पाठवीन, ठेवायचा तर ठेव.

मला तुझी फार आठवण येते. हे लिहायचं नव्हतं, पण लिहून गेलं.

माया


अकोला,
१४ फेब्रुवारी २०२५

माया,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. रोज लिहायला बसले आणि उठले.

दोघांनी मिळून नाही बनवलं. मी एकटीनेच बनवलं. साजिदना यातलं काहीच ठाऊक नाही.

मागच्या नाही, त्याच्या मागच्या दिवाळीच्या आधी साजिदना लकवा झाला. दुकानात एका गिऱ्हाइकाला चप्पल घालून दाखवत होते, वाकले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. नागपूरला नेलं, महिनाभर राहिलो. आता डावा हात चालतो, धरून बसवलं तर बसतात. बोलत नाहीत. माया, तो माणूस बोलत नाही. त्या दुकानात लोक चप्पल घ्यायला कमी आणि त्यांचं बोलणं ऐकायला जास्त यायचे, तुला माहीत आहे. समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणतात. किती समजतं ते मात्र कोणी सांगत नाही.

दवाखाना सोडून मी दीड वर्षात कुठे गेले नाही. थिएटर तर लांबच. तुझे पूर्वार्ध येत राहिले आणि मी उत्तरार्ध रचत राहिले. हा पहिला नाही. त्या आधीचे तिन्ही माझेच. ते तुला पटले होते, याच वेळी तू बोट काढलंस.

पहिल्यांदा लिहिलं तेव्हा वाटलं होतं, पुढच्या पत्रात खरं सांगू. त्या पत्रात मी साजिदच्या नावाने एक वाक्य घातलं, सहज, नेहमी घालायची तसं. पस्तीस वर्षं ऐकलेला माणूस, कोणत्या गोष्टीवर काय म्हणेल हे मला झोपेत सांगता येतं. तुझं उलट पत्र आलं, की साजिदभाईंचं वाचून पोट दुखेपर्यंत हसले. मी ते पत्र हातात घेऊन ओट्याशी उभी राहिले. मला वाटलं, अमरावतीत एक घर आहे जिथे माझा नवरा अजून बोलतो. तिथे त्याला काही झालेलं नाही. तिथे तो आचलला हसवतो.

त्यानंतर मला सांगवेना. इकडे सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारी हळू आवाजात बोलतात, दुकान पुतण्याने घेतलं, येणारा जाणारा त्यांच्यासमोरच मला विचारतो, आता कसे आहेत. कोणी त्यांना विचारत नाही. फक्त तू लिहायचीस, साजिदभाईंना विचार, साजिदभाईंचं काय म्हणणं आहे. तू आली असतीस तर दारातूनच तुला सगळं दिसलं असतं. मग तुझ्याही घरात तो गप्प झाला असता. मग मी त्याला ऐकायला कुठे गेले असते, माया?

तू मला नको होतीस असं कसं म्हटलंस? रोज दुपारी त्यांना भरवून झालं की मी तुझ्याशी मनात भांडते, गप्पा मारते. तू यावंस असं मला इतकं वाटायचं, की येते म्हटलंस की दोन दिवस मला जेवण जात नसे. आणि तरी मी नळ काढायची.

उज्मा येणार नव्हती. नळही ठीक आहे. रंग तर कधीच दिला नाही, भिंती बघण्यासारख्या राहिल्या नाहीत.

एवढंच. रागव, पण सुरतला जायच्या आधी एकदा लिही.

यास्मीन


अमरावती,
१८ फेब्रुवारी २०२५

यास्मीन,

तुझं पत्र आचलने वाचलं आणि माझ्या हातात दिलं. मी वाचलं. मग मी आंघोळ केली. का केली ते मला माहीत नाही.

रागावले नाही. म्हणजे थोडी रागावले. पुरुष माणसाला उचलून बसवायचं, कूस बदलायची, आणि तू हे दीड वर्ष एकटी करत होतीस, आणि मी इकडे बोटं मोजत होते. मला कळवलं असतंस तर मी काय केलं असतं? बसले असते तुझ्याशेजारी. तेवढंच. पण तेवढं मला करता येतं.

साजिदभाई इथे बोलायचे, ते मी पुसून टाकणार नाही. तू लिहिलेलं सगळं त्यांचंच आहे, मला त्यात एकही अक्षर परकं वाटलं नाही. पण मला आता त्यांचं खरं काय चाललं आहे तेही हवं आहे. खुशालरावांचे शेवटचे महिने मी कोणाला बघू दिले नाहीत. त्यांना कसंतरी वाटेल म्हणून. आता वाटतं, त्यांना कोणीतरी येऊन बसलेलं आवडलं असतं.

तू बोलावशील तेव्हाच येईन. बोलावलं नाहीस तर सुरतहूनही पूर्वार्ध पाठवीन. पण एक काम कर. खरा शेवट मी पाहिला आहे, तो त्यांना मोठ्याने वाचून दाखव.

ती फौजदारीण म्हणजे लॉजमालकाची पहिली बायको. त्याने तिला टाकलेली असते. ती नाव बदलते, परीक्षा देते, फौजदार होते, बदली मागून चिखलदऱ्याला येते, त्याला दरीत ढकलते आणि मग आपणच केलेल्या खुनाचा तपास आपणच करते. गरम कप तीच ठेवते, दुसरीला वेड लागावं म्हणून. आणि पोलीस खात्यात एकालाही पत्ता लागत नाही. आमच्याकडे एखाद्या शिक्षिकेची बदली झाली तर ती रुजू व्हायच्या आधी तिच्या सासूचं माहेर कोणतं ते केंद्रातल्या सगळ्या शाळांना ठाऊक असतं, आणि इथे खुद्द नवरा तिला समोर पाहून ओळखत नाही. का, तर तिने केस कापलेले असतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या, यास्मीन. तुझा शेवट यापेक्षा कितीतरी बरा होता. बोट सोडून.

हे सगळं वाच त्यांच्यासमोर. आणि ते जे म्हणतील ते लिही. जे म्हणतील तेच.

माया


अकोला,
२३ फेब्रुवारी २०२५

माया,

वाचलं. दुपारी त्यांना उशी लावून बसवलं, चष्मा लावला, म्हटलं, मायाचं पत्र आहे, सिनेमाचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. तू खुशालरावांचं लिहिलंस तेही. मी त्यांच्यासमोर रडत नाही, या वेळी थोडं झालं.

साजिद काही म्हणाले नाहीत.

पण केस कापल्याचं आलं तेव्हा त्यांच्या घशातून एक आवाज निघाला. मी घाबरले, वाटलं ठसका लागला, पाणी आणायला धावले. परत आले तर डावी बाजू हलत होती, ओठाची, गालाची. हसत होते, माया. अर्ध्या तोंडाने. आणि डावा हात उचलून असा झटकला, एखादी भिकार चप्पल गिऱ्हाइकाच्या हातातून काढून बाजूला टाकायचे ना, तसा. मग दमले आणि डोळे मिटून घेतले. मी इतके दिवस त्यांच्या नावाने केवढं लिहिलं, पण हे मला सुचलं नसतं.

संध्याकाळी म्हटलं, मायाला बोलावू का? माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. त्याचा अर्थ हो की नाही ते मला सांगता येत नाही. मी उगाच हो लिहिणार नाही. पण मला तू हवी आहेस, म्हणून मी बोलावते आहे.

रोजे लागायच्या आधी ये. पहिल्या मार्चला शनिवार आहे, सकाळच्या एसटीने निघ. घरात औषधांचा वास येतो, त्यांचा शर्ट मागून उघडाच ठेवावा लागतो, जेवताना सांडतं. तुला पाहून त्यांना रडू येईल, त्यांना हल्ली लगेच येतं. तुला आलं तर स्वयंपाकघरात ये, मी तिथेच असेन. आचललाही आण. ओल्या तुरी सोलून ठेवते, सोल्यांचा भात करू.

साजिद काय म्हणतात ते यापुढे मी लिहिणार नाही. तू त्यांच्यासमोर बस आणि तुझं तू समजून घे. आम्ही दोघं वाट पाहतो.

यास्मीन